खटक्यावर वाहणारी नदी

"अहो, ही नदी रात्री कुठे जाते हो?"

आमच्या सौ.ने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी, डिस्ने कंपनीच्या करमणूक-उद्यानात पाऊण तासाच्या रांगेत उभे होतो. मुलगी, जावई, नातू, नात आणि आम्ही दोघे. समोर अस्वलाच्या आकाराचा एक बनावट डोंगर, आणि त्याच्या अंगावरून धो धो उतरणारी नदी. नदीत गोल तराफे गिरक्या घेत होते आणि त्यांत बसलेली शहाणीसुरती माणसे जिवाच्या आकांताने ओरडत होती. या प्रकाराला तिकडे 'ग्रिझली रिव्हर रन' म्हणतात. डोंगर, नदी आणि ओरडणे, तिन्ही २००१ सालापासून नियमितपणे चालू आहेत.

मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे काढली, तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिला सुचला याचे कारण ती माहेरची सांगलीची. सांगलीच्या माणसाचे नदीशी नाते फुटांचे. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले, हे तेथे भाजीच्या भावाआधी विचारतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा तिच्या माहेरचा तळमजला चार दिवस पाण्यात होता. असल्या माणसाला नदीची मौज म्हणून तिकीट काढायला लावणे हे धाडसच होते; पण ते जावयांनी केले होते, मी नव्हे.

"रात्री ती हौदात जाऊन निजते," मी सांगितले.

हे थट्टेत म्हटले तरी खरे आहे. असल्या नदीच्या तळाशी एक प्रचंड हौद असतो. त्यातले पाणी मोठाले पंप उचलून वर टाकतात, आणि तेथून ते सिमेंटच्या रुंद पाटातून उताराने पुन्हा हौदात येते. तेच पाणी दिवसभर फिरत राहते. पाट अरुंद केला की वेग वाढतो. तळाशी लाकडाचे ओंडके ठोकून ठेवले की पाणी त्यांवर आपटून उसळते आणि जागच्या जागी लाटा उभ्या राहतात. वर रंगवलेले खडक आणि थोडी झाडी लावली की झाली नदी! संध्याकाळी खटका बंद केला की थोड्या वेळात सगळे पाणी खाली उतरते. मग पाटाच्या तळाशी ओंडके तेवढे दिसतात. गणपती उठल्यावरच्या मखरासारखे.

पण यातली खरी युक्ती पाण्यात नाही, तराफ्यात आहे. ओंडक्याच्या आकाराच्या होडीतून पाण्यात घसरायचा खेळ तिकडे आधीपासून होता. परंतु ती होडी अरुंद पाटातून आगगाडीसारखी ठरल्या वाटेने जाते. हा गोल तराफा मात्र मोकळा सोडलेला असतो. त्याला रूळ नाहीत, सुकाणू नाही, वल्हे नाही. भोवती हवा भरलेले जाड रबरी कडे, मध्ये वर्तुळात पाठी लावलेल्या खुर्च्या. तो भिंतीवर आपटतो, गर्रकन फिरतो, आणि कोणाच्या पाठीवर लाट कोसळणार हे शेवटपर्यंत कळत नाही. सासूबाई भिजणार की सूनबाई, याचा निकाल पाणी लावते. घरच्या मंडळींनी एकत्र बसण्याजोगा याहून चांगला खेळ निघाला नसेल!

या कल्पनेचे मूळ ऑलिंपिकमध्ये आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्ग येथे लेख नदीचे पाणी वळवून, सिमेंटच्या पाटात अडथळे उभे करून, छोट्या होड्यांच्या शर्यतीसाठी एक खवळलेला प्रवाह मुद्दाम तयार करण्यात आला होता. (पूर्व जर्मनीच्या खेळाडूंनी आपल्या देशात याच प्रवाहाची हुबेहूब प्रतिकृती उभारून आधीच सराव केला आणि चारही सुवर्णपदके नेली. यजमानांच्या पाटात पाहुण्यांनीच हात धुऊन घेतले.) हूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड या उद्यानाचे व्यवस्थापक बिल क्रँडल यांनी ती शर्यत पाहिली आणि त्यांच्या मनात आले, की यात कसलेल्या खेळाडूऐवजी सामान्य गिऱ्हाईक बसवले तर? इंटामिन या स्वित्झर्लंडच्या कंपनीने ते जमवून दिले, आणि १९८० साली 'थंडर रिव्हर' ही पहिली नदी सुरू झाली. टेक्ससच्या उन्हात लोकांना ती किती आवडली असेल हे सांगायला नको. ते उद्यान २००५ साली बंद पडले, पण तोवर तिच्या भाचरांनी अर्धे जग भरले होते.

खटक्यावर वाहणारी नदी आपल्याकडेही आहे बरे का! मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते आणि पुढे कुंडलिकेला मिळते. कोलाडला रबरी होड्या घेऊन जमलेली तरुण मंडळी सकाळी याच सोडलेल्या पाण्याची वाट पाहत असतात. मात्र तेथे तुमच्या हातात वल्हे असते आणि होडीत एक जाणता माणूस ओरडून हुकूम देत असतो. ॲनाहाइमच्या नदीत तुम्ही पट्टा आवळता आणि हात मोकळे सोडता. तुमच्या वाटचे सगळे शहाणपण दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते.

ठेवलेले असावे, असे म्हणणे अधिक बरोबर. कारण रांगेत उभा असताना मला ऑस्ट्रेलियातली हकीकत आठवत होती.

क्वीन्सलंडमध्ये गोल्ड कोस्ट येथे ड्रीमवर्ल्ड नावाचे मोठे उद्यान आहे. तेथेही १९८६ पासून अशीच एक नदी होती. चढउतार सौम्य, लहान मुलांनाही चालणारी. पाणी खेळते ठेवायला दोन पंप. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी दुपारी त्यांतला एक पंप बंद पडला. त्या दिवसातली ही त्याची तिसरी वेळ. पाणी झपाट्याने उतरले. एक रिकामा तराफा शेवटच्या टप्प्यावर पाण्याखालच्या लोखंडी रुळांवर टेकून अडकला. मागून सरकत्या पट्ट्यावर सहा माणसे घेऊन दुसरा तराफा येत होता. तो येऊन धडकला, उभा झाला, आणि पट्टा थांबलाच नाही. चार जण गेले. दोन मुले वाचली.

चौकशी अनेक महिने चालली. २०२० च्या फेब्रुवारीत मृत्यू-अन्वेषण अधिकाऱ्यांचा अहवाल आला. तो वाचताना माझ्यासारख्या पाण्याच्या माणसाला बोचले ते पंपाचे बिघडणे नव्हे. पंप बिघडायचेच. पण पाणी उतरले तर पट्टा आपोआप थांबवील असे कोणतेही यंत्र तेथे बसवलेले नव्हते. पातळी ओळखायची ती पाटाच्या भिंतीवर पडलेल्या डागावरून, तीही इतर पन्नास गोष्टींकडे लक्ष देता देता! उतरण्याच्या जागेपाशी एक बटण होते. ते दाबताच पट्टा दोनेक सेकंदांत थांबला असता. पण ते बटण नेमके काय थांबवते, हे तेथे उभ्या असलेल्या मुलीला कोणी नीट सांगितलेच नव्हते. त्या जागेवरचे तिचे शिक्षण त्याच दिवशी सकाळी उरकलेले. २००१ सालीही तेथे तराफे एकमेकांवर आदळून उलटले होते; ते रिकामे होते एवढेच. मालक कंपनीला पुढे ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. ती नदी कायमची बंद केली गेली.

हे सगळे रांगेत सांगावे की नाही? मी हलक्या आवाजात सौ.ला सांगितले. मुलीने ऐकले आणि लग्नापूर्वी कधी बघितली नव्हती अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. नातू मात्र खूश झाला. "आजोबा, आपला पंप बंद पडला तर?"

सौ. काहीच बोलली नाही. आमचा नंबर आला. येथे चढायची सोय मोठी नामी आहे. एक भलीमोठी गोल फिरती तबकडी तराफ्यांच्याच संथ गतीने फिरत असते आणि तुम्ही तिच्यावरून चालत जाऊन बसता. जावईबापू पुढे झाले. सौ. मात्र काठाशी थांबून, चष्मा सावरून, पलीकडच्या भिंतीकडे बघत राहिली. मागची मंडळी खोळंबली.

"काय बघतेस?"

"तो काळा पट्टा दिसतोय ना, पाणी त्याला टेकलंय. चला," ती म्हणाली, आणि पदर खोचून बसली.

आठ जणांच्या त्या तराफ्यात आमच्याबरोबर एक अनोळखी दांपत्य होते. अस्वलाच्या डोंगरावर चढलो, गुहेतून गेलो, दोन भिंतींना धडकलो, आणि शेवटी वीसएक फुटांच्या घसरणीवरून गिरकी घेत खाली आलो. जावई कोरडे राहिले. अनोळखी बाईंचा अर्धा अंगरखा भिजला. सौ. आणि नात दोघी नखशिखान्त निथळत होत्या, आणि दोघींपैकी जास्त कोण ओरडले यावर तराफ्यातून उतरेपर्यंत वाद चालला होता.

रात्री उद्यान बंद व्हायच्या वेळी फाटकाकडे निघालो. दिवे मावळू लागले होते, नातू जावयांच्या खांद्यावर झोपला होता. सौ. मधेच उभी राहिली.

"काय ग?"

"थांबा जरा. पाणी ऐकू येतंय का बघते."

डोंगराच्या बाजूने अजून धो धो आवाज येत होता. आम्ही दोघे तेथे उभे राहिलो. मुलगी दोनदा हाका मारून पुढे गेली.