बारा मिनिटं, रात्री दोन वाजता

वांद्रे पूर्वेला स्टेशनबाहेर पडलं की आधी हाळी ऐकू येते, "डायमंड, डायमंड, बीकेसी!" मिठी नदीचा वास नंतर, पुढे गेल्यावर. इथल्याच एका शेअर रिक्षात मी मागे एक गृहस्थ पाहिले होते. अंगात कोट, गळ्यात परिषदेचं ओळखपत्र, मांडीवर लॅपटॉपची बॅग, आणि कडेची सीट मिळाल्यामुळे अर्धा खांदा बाहेर. संगमरवरी हॉलमधल्या परिषदेला निघालेला माणूस असा पोचतो, हे पाहिल्यापासून त्याला पोचवणाऱ्यांचं काम बघावंसं वाटत होतं.

ज्यांच्याशेजारी बसून ते पाहिलं ते काका मूळचे बीडकडचे. रिक्षा मालकाची, काका दिवसपाळीला. हॉलपर्यंत किती वेळ लागतो म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बारा मिनिटं." मग गियर टाकत, "रात्री दोन वाजता."

आम्ही निघालो ते सकाळी साडेनऊला. कलानगरच्या सिग्नलपर्यंतच बारा मिनिटं होऊन गेली.

बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, ही मूळची मिठीच्या काठची दलदल. १९७७ मध्ये तिच्या नियोजनाचं काम एमएमआरडीएकडे आलं, भराव पडले, ब्लॉकना इंग्रजी अक्षरं मिळाली. हिरे बाजार आला, बँका आल्या, २०२२ मध्ये जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर उघडलं. २०२३ च्या ऑक्टोबरात ऑलिंपिक समितीचं अधिवेशन तिथेच भरलं. "त्यातलं कुणी आमच्या लाइनीत उभं नाही राहिलं," काका म्हणाले. रस्ते रुंद आहेत, पण ते गाडीतून येणाऱ्याच्या मापाने आखलेले. पायी चालणारा दोन इमारतींमधल्या अंतरानेच थकतो. सावली शोधायची तर कंपाउंडच्या भिंतीची.

दुपारी एकच्या सुमाराला ओळखपत्रवाले बाहेर येतात. आत जेवण असतंच, तरी येतात. भिंतीच्या कडेला सायकलवर चहाचा थर्मास, शेजारी टोपलीत वडापाव, पलीकडे सँडविचवाला. कोटवाले उभ्याउभ्या खातात आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आपण मुंबईत आहोत असं काहीतरी दिसतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून कुणीतरी ओरडतं, "गाडी आली रे!" गाडी म्हणजे फेरीवाले उठवणारी पालिकेची. टोपली, पाट, सगळं नाहीसं. हातात अर्धा वडा घेऊन उभा राहिलेला पाहुणा कुणाला पैसे द्यायचे ते शोधत राहतो. ज्या शहराला जगाला बोलावायची एवढी हौस, त्याने या वड्याला पाच फूट जागा द्यायला काय हरकत होती?

चहावाला चहाइतकेच पत्ते वाटतो. गेटवे कसं जायचं? कुठे चांगलं जेवायला मिळेल? काकांनाही हेच विचारतात, पण माहीम आणि सायनच्या पुढे रिक्षाला बंदी. त्यामुळे गेटवेचा प्रश्न आला की काका हात जमिनीकडे करतात: खाली जा, मेट्रो पकडा. भुयारी तीन नंबरची मेट्रो २०२४ च्या ऑक्टोबरात आरेकडून बीकेसीपर्यंत आली, वर्षभरात कफ परेडला पोचली. आता परिषद संपवून दादरला उतरून मिसळ खाता येते, गिरगावात भटकता येतं, हुतात्मा चौकात वर येऊन गेटवेपर्यंत चालत जाता येतं. काकांचा स्वतःचा सल्ला मात्र वेगळा आहे. "लांब कशाला? नेचर पार्क बघा." धारावीच्या कडेला, मिठीकाठचं ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एकेकाळी तिथे शहराचा कचरा पडायचा. १९९४ पासून ते लोकांना खुलं आहे. हा सल्ला फारसं कुणी ऐकत नाही. परदेशी पाहुण्याला गेटवेसमोर फोटो काढायचा असतो, कचऱ्याच्या जागी उगवलेल्या झाडांसमोर नाही.

मेट्रोने धंदा गेला का, असं विचारलं. गेला थोडा, म्हणाले. स्टेशनपासून हॉलपर्यंतचा तुकडा तरी उरलाय. आणि परतीची गर्दी आहेच. संध्याकाळी सहानंतर वांद्र्याची रांग वळणापर्यंत जाते, आणि तेच अंतर कापायला पाऊण तास. काकांच्या हिशेबात ते अजूनही बारा मिनिटं.

त्यांचा खरा हिशेब वेगळाच निघाला. दुपारी वेळ रस्त्यात जात नाही, सीट भरायची वाट बघण्यात जातो. तीन माणसं जमेपर्यंत गाडी हलत नाही, आणि उभ्या गाडीचंही मालकाला भाडं द्यावंच लागतं. म्हणून हॉलमध्ये काय चाललंय याची खबर ते सकाळीच काढतात. डॉक्टरांची परिषद असली की तोंड कडू करतात, कारण डॉक्टर एकेकटे बाहेर पडतात. दागिन्यांच्या प्रदर्शनाला मात्र व्यापारी तिघं-तिघं येतात, एकाच दुकानातले.

"सोनार बरे," काका म्हणाले. "बसले की निघालो."