इंडेक्स असूनही सर्च स्लो का?

मी बनवलेल्या एका अ‍ॅपमध्ये आडनाव शोधायला सर्च बॉक्स होता. आडनावं इंग्रजी लिपीत, कॉलमवर इंडेक्सही होता. तरी चक्र फिरतच राहायचं आणि लोक वैतागून अ‍ॅप बंद करायचे.

चूक माझ्याच क्वेरीत होती: लाइक '%कर%', म्हणजे 'कर' कुठेही चालेल. पण साधा बी-ट्री इंडेक्स हा आडनावानुसार लावलेल्या हजेरीपटासारखा असतो. करंदीकर पटकन सापडतात. तेंडुलकर, आगरकर, मंगेशकर असे शेवटी 'कर' असलेले सगळे हवे असतील, तर अख्खा हजेरीपट वाचा! डेटाबेस तेच करत होता, तेही प्रत्येक अक्षर टाइप केल्यावर. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लिहा, 'सीक्वेन्शियल स्कॅन' दिसला की समजायचं.

मग मी पीजी_टीआरजीएम हे एक्स्टेंशन लावलं. ते शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतं आणि कुठला तुकडा कुठल्या ओळीत आहे, हे जिन इंडेक्समध्ये नोंदवलं जातं. सर्च एकदम फास्ट झाला. अर्थात फुकट काही नाही. हा इंडेक्स जागा खातो, नवीन नोंद टाकायलाही जास्त वेळ लागतो. शिवाय एक-दोन अक्षरांवर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून आता मी तिसरं अक्षर आल्यावरच क्वेरी पाठवतो.