क्लच गेला, गिअरचा पायटाही गेला! नव्या मोटारसायकलींवरून शौकिनांत दोन तट. गाडी घेणाऱ्यानं मात्र काय बघावं?

डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर, पुढं पेट्रोलची टाकी आणि मागं दोघांपुरतं सीट. मोटारसायकलचं हे चित्र आपल्याकडं दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आता ते बदलू लागलंय. कुठल्या गाडीला क्लचची लिव्हरच नाही, कुठल्या गाडीला पायानं बदलायचा गिअरच नाही, तर कुठल्या गाडीच्या सीटखाली थेट सीएनजीची टाकी बसवलेली.

यावरून गाडीच्या शौकिनांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, ही कसली मोटारसायकल, ही तर स्कूटर झाली. दुसरा म्हणतो, हाताला आराम मिळत असेल तर बिघडलं कुठं? मोबाईलवर दोन्ही बाजूंचे व्हिडिओ भरपूर फिरतात. पण कर्जाचा हप्ता भरायची वेळ घेणाऱ्यावर येते. म्हणून यात नेमकं काय बदललंय, हे आधी समजून घेतलेलं बरं.

क्लच करतो काय?

गाडी चालू असली की इंजिन सारखं फिरत राहतं, चाक मात्र मध्येच थांबतं. या दोघांमधला दुवा म्हणजे क्लच. लिव्हर दाबली की क्लचप्लेटा सैल होतात, इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे होतात आणि गिअर बदलता येतो. लिव्हर हळूहळू सोडली की गाडी झटका न देता निघते. नवशिक्याची गाडी बंद पडते ती इथंच. आणि चिखलातून, चढावरून हाफ क्लचवर गाडी अलगद काढणारा पक्का चालवणारा ओळखू येतो, तोही इथंच.

बिनक्लचची गाडी आपल्याला नवी नाही

कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये लुना आणली. या कंपनीचा अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा कारखाना सगळ्यांना माहीत आहे. लुनाला ना क्लच दाबायचा, ना गिअर टाकायचा. इंजिनाचा वेग वाढला की क्लचमधली वजनं बाहेरच्या बाजूला फेकली जातात, ड्रमला चिकटतात आणि गाडी चालू लागते. टीव्हीएसची एक्सएल आजही याच तत्त्वावर खताची पोती ओढते.

पुढं १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण स्टार्ट आणि पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअर. दोन पुलींमधला पट्टा वेगाप्रमाणे वर-खाली सरकतो आणि गिअर आपोआप बदलल्यासारखं होतं. आज घरोघरी दिसणाऱ्या विनागिअर स्कूटर याच तंत्रावर चालतात. सुरुवातीला या गाड्यांना ‘बायकांची गाडी’ म्हणून हिणवणारे कमी नव्हते. आज त्याच स्कूटरवर बाप्ये दूध डेअरीला जातात.

जपानमध्ये होंडानं १९५८ मध्येच सुपर कब ही गाडी काढली. तिला पायानं बदलायचे गिअर आहेत, पण क्लचची लिव्हर नाही. २०१७ पर्यंत या मालिकेच्या दहा कोटींहून जास्त गाड्या तयार झाल्या. म्हणजे क्लच काढून टाकायची कल्पना साठ वर्षांपेक्षा जुनी आहे. नवं आहे ते इतकंच, की आता मोठ्या, दमदार मोटारसायकलींचा क्लच जातोय.

आताची तीन तंत्रं

पहिलं तंत्र डीसीटी. यात एकाऐवजी दोन क्लच असतात. एका क्लचकडं १, ३, ५ हे गिअर आणि दुसऱ्याकडं २, ४, ६. गाडी तिसऱ्यावर पळत असताना चौथा तयारच असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, त्यामुळं झटका जाणवत नाही. होंडानं २०१० च्या व्हीएफआर १२०० एफ या गाडीत हे पहिल्यांदा दिलं. भारतात आफ्रिका ट्विन आणि गोल्ड विंग या महागड्या गाड्यांत ते मिळतं.

दुसरं तंत्र ई-क्लच. यात गिअर पायानंच बदलायचा, पण क्लच दाबायचं काम छोट्या मोटरी करतात. गाडी थांबली तरी बंद पडत नाही. लिव्हर जागेवरच असते, त्यामुळं वाटलं तर हातानंही क्लच दाबता येतो. होंडाच्या सीबी ६५० आर आणि सीबीआर ६५० आर या गाड्या २०२५ मध्ये ई-क्लचसह भारतात आल्या. तेव्हा किंमत नऊ-दहा लाखांच्या घरात होती.

तिसरं तंत्र यामाहाचं वाय-एएमटी. २०२४ मध्ये एमटी-०९ या गाडीसाठी ते आलं. यात क्लचची लिव्हर नाही आणि पायाचा गिअरही नाही. गिअर आपोआप पडतात, नाहीतर हँडलवरच्या बटणानं टाकायचे.

नाराजी नेमकी कशावर?

शौकिनांची पहिली तक्रार मजा जाण्याची आहे. वळणाआधी गिअर कमी करणं, क्लच सोडून गाडीची ओढ जोखणं यातच त्यांना गाडी चालवल्याचं समाधान मिळतं. ते काम यंत्रानं केलं तर आपण नुसते बसलेलो, असं त्यांना वाटतं.

दुसरी तक्रार दिसण्यावर. होंडानं २००८ च्या सुमारास डीएन-०१ नावाची लांब, बुटकी ऑटोमॅटिक मोटारसायकल काढली. ती धड स्कूटर वाटेना, धड मोटारसायकल. महाग होती, गिऱ्हाईक फिरकेना, आणि काही वर्षांतच ती बंद झाली. २०१४ मध्ये आलेली एनएम ४ तर सिनेमातल्या यंत्रमानवाच्या गाडीसारखी दिसायची. लोकांनी वळून वळून बघितली, विकत घेणारे मोजकेच निघाले.

तिसरी तक्रार वजनाची आणि खर्चाची. डीसीटीमुळं गाडी साधारण दहा किलोनं जड होते. ई-क्लच आणि वाय-एएमटीमुळं दोन-तीन किलोच वाढतात. पण सेन्सर, मोटरी आणि कंट्रोल युनिट वाढले की दुरुस्तीही वाढणार, ही शंका रास्त आहे.

तरी प्रत्येक विरोध खरा ठरतोच असं नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या पायाला. तो बदलून बाकीच्या गाड्यांसारखा केला तेव्हा जुने बुलेटवाले नाराज झाले. आज नव्या पोरांना उजव्या पायाच्या गिअरची बुलेट दिली तर तीच ब्रेकऐवजी गिअर दाबतील.

आपल्याकडची वेगळी गाडी

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण बजाज फ्रीडम १२५ चं. जुलै २०२४ मध्ये पुण्यात आलेली ही जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल. दोन किलोची सीएनजी टाकी सीटखाली आडवी बसवल्यामुळं सीट चांगलंच लांब झालंय. पेट्रोलची टाकी फक्त दोन लिटरची. दिसायला वेगळी, म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. पण इथं आकार शोभेसाठी बदललेला नाही, टाकीला जागा हवी म्हणून बदललाय. क्लच आणि पाच गिअर नेहमीसारखेच आहेत. किलोला सुमारे १०० किलोमीटरचा कंपनीचा दावा आहे. गावापासून सीएनजी पंप किती लांब, यावर तिचा फायदा ठरतो. पंप तीस किलोमीटरवर असेल तर हिशेब वहीत मांडूनच शोरूमला जावं.

गावाकडच्या रस्त्यावर काय फरक पडतो?

घाट उतरताना: गिअरच्या गाडीत खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. पट्ट्यावरच्या स्कूटरमध्ये वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी पळते. मग सगळा भार ब्रेकवर. डीसीटी किंवा ई-क्लचच्या गाडीत गिअर पडलेला राहतो, त्यामुळं इंजिनाचा आधार मिळतो.

बॅटरी उतरली तर: क्लच-गिअरच्या गाडीला दोघांनी ढकललं की धक्का स्टार्ट होते. विनागिअर स्कूटर अशी चालू होत नाही, डीसीटीचीही तीच गत. त्यामुळं किक आहे का, हे विचारूनच गाडी घ्यावी.

बिघाड झाला तर: क्लचची केबल तालुक्याचा कुठलाही फिटर तासाभरात बदलतो. इलेक्ट्रॉनिक क्लचसाठी कंपनीचं सर्व्हिस सेंटर लागतं. ते जिल्ह्याच्या गावाला असेल तर एक दिवस गेलाच म्हणून समजा.

फायदा कुणाला: मनगट, बोटं किंवा गुडघा दुखणाऱ्यांना आणि नव्यानं शिकणाऱ्यांना. आठवडी बाजाराच्या गर्दीत शंभरदा क्लच दाबून हात भरून येतो, तो त्रास वाचतो.

लायसनचं विसरू नका

क्लच नाही म्हणजे गिअर नाही, असं नसतं. ई-क्लच आणि डीसीटीच्या गाडीत गिअर असतातच. त्यामुळं विनागिअरच्या लायसनवर चालेल असं धरून चालू नका, आधी आरटीओत विचारा.

पोरांच्या बाबतीत तर जास्तच जपा. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं असतं. ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

मोठ्या गाड्यांतलं हे तंत्र हळूहळू छोट्या गाड्यांत उतरतंय. जपानमध्ये २०२५ मध्ये २५० सीसीच्या रेबेलला ई-क्लच मिळालाय. १०० ते १२५ सीसीच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या खिशाला परवडणाऱ्या गाडीत ते येईल तेव्हा शोरूमच्या डांबरी रस्त्यावर एक फेरी मारून भुलू नका. मागं माणूस बसवून, चढाच्या रस्त्याला थांबवून पुन्हा गाडी काढून बघा. आणि सही करायच्या आधी जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं आहे आणि क्लचचं काम निघालं तर खर्च किती, हे दोन प्रश्न विचारा.