सेल्जुकांचं मूळ कुठलं?

१०५५ मध्ये सेल्जुकांचा सुलतान तुघ्रिल बेग बगदादमध्ये शिरला, तेव्हा त्याच्या घराण्याला जेमतेम दोन पिढ्यांचा इतिहास होता. आजोबा सेल्जुक हा ओघुझ तुर्कांच्या किनिक टोळीतला. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो सिर दर्याकाठच्या जंद गावी आला आणि तिथे मुसलमान झाला, इथवर फारसा वाद नाही. त्याआधी तो कोणाच्या पदरी होता? काही ग्रंथ ओघुझांच्या यबगूचं, म्हणजे त्यांच्या राज्यकर्त्याचं, नाव घेतात, काही खझर राजाचं. खझर राज्यकर्ते यहुदी धर्माचे. त्यात सेल्जुकाच्या मुलांची नावं मिकाइल, इस्राइल, मूसा! तेवढ्यावरून त्यांना यहुदी किंवा ख्रिस्ती ठरवणं मला घाईचं वाटतं. ही नावं मुसलमानांतही चालतात. शिवाय घराण्याच्या उगमाची हकीकत सांगणारा मूळ ग्रंथ, ‘मलिकनामा’, हरवलाय. त्यातला मजकूर कळतो तो नंतरच्या लेखकांकडून, आणि मुळात तो लिहिला गेला तोच घराणं गादीवर बसल्यावर.