मेक्सिकोच्या सागरतीरीं जाण्यापूर्वीं

आपल्या वाचककुटुंबांपैकीं पुष्कळांचीं मुलें हल्लीं अमेरिकेंत असतात. आईबाप सहा महिन्यांकरितां त्यांच्याकडे जातात, नातवंडें संभाळतात, आणि थंडीच्या सुटींत चिरंजीव म्हणतात, "चला, चार दिवस मेक्सिकोच्या समुद्रावर जाऊन येऊं." असा प्रसंग आमच्यावर दोन वेळां आला. पहिली सफर आमच्या हातून बिघडली, दुसरी बरी पार पडली. समुद्र तोच, गांव तेंच, मंडळीही तीच. मग अंतर कशानें पडलें, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

गांवाचें नांव पुएर्तो वायार्ता. रोमन लिपींत त्यांत दोन 'ल' दिसतात, परंतु स्पॅनिश उच्चारांत त्यांचा 'य' होतो. 'वल्लार्ता' असें म्हणून आम्हीं विमानतळावरच नातवाकडून आपलें हंसें करून घेतलें. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, हालिस्को प्रांतांत, 'ध्वजांचा उपसागर' अशा अर्थाचें नांव असलेल्या एका विस्तीर्ण उपसागराच्या कांठीं तें वसलें आहे. नकाशा काढून पाहिल्यास मौज वाटेल: हें गांव बहुतेक आपल्या अकोल्याच्या अक्षांशावर आहे. मागें हिरवा डोंगर, पुढें पश्चिमेचा समुद्र, सूर्य पाण्यांत मावळतो, आणि पावसाळा जून ते ऑक्टोबर. कोंकणच्या माणसास प्रथमदर्शनीं तेथें परकें असें कांहींच वाटत नाहीं.

१८५१ सालीं वसलेल्या ह्या वस्तीचें मूळ नांव 'लास पेन्यास', म्हणजे 'खडक'. हालिस्कोचे एक गव्हर्नर व नामांकित कायदेपंडित इग्नासियो वायार्ता ह्यांचें नांव तिला १९१८ सालीं मिळालें. पुढें १९६३ सालीं जॉन ह्यूस्टन ह्या दिग्दर्शकानें 'द नाइट ऑफ द इग्वाना' ह्या बोलपटाचें चित्रण जवळच्या मिस्मालोया येथें केलें. रिचर्ड बर्टन हा नट त्यांत होता. एलिझाबेथ टेलर ही नटी बोलपटांत नसतांही त्याच्यासवें आली, आणि दोघांच्या मागें वर्तमानपत्रांचे बातमीदार आले. तेव्हांपासून ह्या आडबाजूच्या गांवाचें नांव जगभर झालें. असो.

जावयाचें तें डिसेंबर ते मार्च ह्या काळांत. तेव्हां हवा कोरडी असते, आणि उत्तरेकडचे थोरले देवमासे पिलें घालण्यासाठीं ह्या उपसागरांत येतात. होडींत बसून ते पाहतां येतात. आमच्या सौभाग्यवतींनीं आयुष्यांत प्रथमच एवढा जीव पाण्याबाहेर उसळतांना पाहिला आणि नकळत हात जोडले. पावसाळ्यांत तुफानांचें भय असतें. २००२ सालच्या केन्ना नांवाच्या तुफानानें समुद्रकांठचा रस्ता व हॉटेलें ह्यांची मोठी नासाडी केली होती.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. ज्या भारतीय प्रवाशापाशीं अमेरिकेचा मुदतींतला व्हिसा आहे त्यास मेक्सिकोचा निराळा व्हिसा काढावा लागत नाहीं. मात्र तोच व्हिसा परत अमेरिकेंत शिरण्यास चालणारा आहे ना, हें निघण्यापूर्वीं नीट वाचावें. हालिस्को प्रांतांतील गुन्हेगारीबद्दल अमेरिकन सरकार सावधगिरीच्या सूचना प्रसिद्ध करीत असतें. त्याही ताज्या पाहाव्या. आणखी एक बारीक गोष्ट: तेथील पेसो ह्या नाण्याचें चिन्ह आणि डॉलरचें चिन्ह एकच आहे. भावपत्रक पाहून छातींत धडकी भरूं देऊं नये.

आतां बिऱ्हाडाविषयीं, कारण आमची पहिली चूक येथेंच झाली. गांवाच्या उत्तरेस मोठमोठीं हॉटेलें आहेत. एकदां पैसे भरले कीं खाणेंपिणें सारें आंतच. वृद्धांस दगदग नको म्हणून चिरंजिवांनीं तसलें एक निवडलें. खोली सुरेख, परंतु गांव दूर. भोजनगृहांत शंभर पदार्थ मांडलेले, आणि आम्हीं त्यांतून काकडी, भात व फळें वेंचून खावीं. दुसऱ्या दिवशीं तो भातही कोंबडीच्या रश्शांत शिजविलेला असतो असें कळलें. मग आम्हीं उभयतांनीं खोलींतच घरचा चिवडा व दशम्या खाऊन राहण्याचें ठरविलें. आपण कोणास तोशीस देत नाहीं, असें आम्हांस वाटत होतें. आईवडील खोलींत बसलेले असतां आपण बाहेर कसें जावें, असें मुलास वाटत होतें. पांचही रात्रीं तो आमच्या खोलींत खुर्चीवर बसून राहिला. शेवटच्या रात्रीं सज्जांत सूनबाई त्यास हळूच म्हणाल्या, "लग्नाला दहा वर्षं झाली, आणि समुद्रावर येऊन आपण एक संध्याकाळही पाहिली नाही." आमचे कान अजून शाबूत आहेत. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

म्हणून दुसऱ्या खेपेस गेल्या माघांत जावयाचें ठरलें, तेव्हां आम्हीं आधींच पत्र लिहिलें: बिऱ्हाड जुन्या गांवांत, सपाटीवर आणि चूल असलेलें घ्यावें. हें आम्ही प्रत्येकास सांगूं. जुन्या गांवाच्या मधून क्वाले नांवाची नदी वाहते. तिच्या दोहों बाजूंस फरसबंद गल्ल्या आहेत. डोंगराकडील गल्ल्या चढणीच्या आणि पायऱ्यांच्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनीं त्या नादीं लागूं नये. समुद्राजवळच्या दोनतीन गल्ल्यांत राहिलें म्हणजे बाजार, देऊळ, समुद्र सारें पायाखालीं.

चूल असली म्हणजे निम्मी चिंता मिटते. वरणभाताचें सामान बाजारांत मिळतें. मिरची, कोथिंबीर, टोमॅटो, लिंबें ह्यांची तर रेलचेल. शाकाहारी माणसानें बाहेर जेवावयाचें असल्यास मात्र पांच शब्द पाठ करावे. 'सिन' म्हणजे 'विना'. 'सिन कार्ने' एवढेंच म्हटल्यास पानांत कोंबडी येते, कारण 'कार्ने' शब्दानें तेथील लोक चतुष्पादांचेंच मांस समजतात! म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन वेवो, सिन मांतेका' असा पुरा पाठ म्हणावा: मांस, कोंबडी, मासा, अंडें आणि डुकराची चरबी, पांचांविना. शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. उसळीसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या घेवड्यांत ती चरबी बहुधा घातलेली असते. नातवानें हा पाठ एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. तो दाखवितांच वाढपी हंसत, पण आदरानें वागत.

मक्याची 'तोर्तिया' निर्धास्त खावी. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, वाटून ती करतात. भाकरीचीच ती पातळ बहीण. निवडुंगाच्या कोंवळ्या पानांची भाजी, चीज घातलेली घडीची तोर्तिया, भोपळ्याच्या फुलांचें सारण, तिखट लावलेला आंबा, अंबाडीच्या लाल बोंडांचें आंबटगोड पेय, चिंचेचें सरबत: उपाशी राहण्याचें कारण नाहीं. रस्त्यावर मक्याचें कणीस आपल्यासारखेंच लिंबू व तिखट लावून देतात; परंतु वर एक पांढरा लेप फांसतात, त्यांत अंडें असतें. तो नको म्हणून सांगावें. पाणी मात्र शुद्ध केलेलें, बाटलींतलेंच प्यावें.

एका दुकानांत सौभाग्यवती थबकल्या. "अहो, हा आपला राजगिऱ्याचा लाडू!" खरोखरच राजगिरा आणि पाक ह्यांची वडी होती. तिला तेथें 'आलेग्रीया', म्हणजे 'आनंद', म्हणतात. घरीं येऊन आम्हीं हिशेब मांडला. राजगिरा, रताळें, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतलीं. म्हणजे आमची एकादशी बहुतेक सारी समुद्रापलीकडून आलेली! देवाला वाहतों तो झेंडूही मेक्सिकोचाच. तेथील लोक नोव्हेंबरच्या आरंभीं पितरांच्या स्मरणार्थ तींच फुलें मांडतात. चाळीस वर्षें मुलांस संस्कृत शिकवून परदेशी अन्नाविषयीं नाक मुरडणाऱ्या आम्हांस त्या वडीनें बरेंच नमविलें.

मग रात्रीचा प्रश्न. वायार्ता गांव रात्रींसाठींच प्रसिद्ध आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तेथें मुख्य जेवण दुपारीं दोन ते चार, आणि नाचगाण्याच्या जागा रात्रीं दहाअकरानंतर रंगूं लागतात. परंतु संध्याकाळ ही सर्वांची आहे. समुद्रकांठीं 'मालेकोन' नांवाचा सुमारें मैलभर लांबीचा पादचारी रस्ता आहे. तेथें मोटारींस मज्जाव. सूर्यास्ताला सारें गांव तेथें लोटतें. समुद्राश्वावर बसलेल्या बालकाचा पुतळा, गळ्यांत तुंबा अडकवून 'तुबा' नामक माडाचा रस विकणारा फेरीवाला (ताजा असेल तर ती आपली नीरा, शिळा असेल तर माडी, आम्हीं वास घेऊन पेला परत दिला), उंच खांबावरून पायांस दोर बांधून गिरक्या घेत खालीं उतरणारे चौघे आणि वर बसून पांवा वाजविणारा पांचवा. चौघांचे प्रत्येकी तेरा फेरे, मिळून बावन्न. जुन्या मेक्सिकन पंचांगांतील युगचक्राचीं वर्षेंही तितकींच. चौकांत बँड वाजूं लागला कीं पिकल्या केसांचीं जोडपीं 'दांझोन' नांवाचा संथ नाच करतात. सौभाग्यवती म्हणाल्या, "बघा, तुमच्याहून मोठे आहेत ते." आम्हीं विषय बदलला.

सेर्खियो बुस्तामान्ते ह्या शिल्पकाराची एक शिडी तेथें आहे. ती कशालाच टेकलेली नाहीं, नुसती आकाशांत उभी. दोन मूर्ति वर चढत आहेत आणि खालीं एक मूर्ति हात उंचावून त्यांस हांका मारीत आहे. सौभाग्यवती तिच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

नदीच्या दक्षिणेकडील भागांत समलिंगी स्त्रीपुरुषांच्या करमणुकीच्या जागा पुष्कळ आहेत. दोन पुरुष हातांत हात घालून चालतांना दिसतील. ह्याची कल्पना मुलांनीं वडिलांस आधींच देऊन ठेवावी. आम्हांस ती नव्हती, आणि प्रथम आम्ही टक लावून पाहत राहिलों. त्यांत असभ्यता झाली ती आमची.

ह्या खेपेस वेळापत्रक आम्हींच आंखलें. शाळेंत दुसरें केलें काय? पांच रात्रींपैकीं तीन मुलासुनेच्या. नऊ वाजतां नातू आमच्याकडे, दोघांनीं वाटेल तेथें जावें. किल्ली त्यांच्यापाशीं, आम्ही जागे राहणार नाहीं. येतांना ठरलेल्या टॅक्सीनें यावें, एवढीच अट. सूनबाईंनीं प्रथम मान हलविली, मग दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहापर्यंत झोंपल्या. आम्हीं नातवास तोर्तिया आणि दूध दिलें.

चौथी रात्र सर्वांची. मारियाची हें गायनवादन ह्याच पश्चिम मेक्सिकोंतलें, आणि तें ऐकण्याची आम्हांस इच्छा होती. एका उघड्या अंगणांतल्या भोजनगृहांत गेलों. व्हायोलिन, कर्णे, मोठ्या पोटाची गिटार; आवाज इतके खडे कीं पोटांत घुमत. आजूबाजूस सर्वत्र मद्य चाललें होतें. चिरंजीव आमच्यासारखाच अंबाडीच्या सरबताचा पेला पुढें घेऊन बसला होता. आम्हीं म्हटलें, "तुला जें घ्यावयाचें असेल तें घे. आमच्याकरितां सरबत पुढें घेऊन बसूं नकोस."

तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग त्यानें 'रायसिया' मागविली. घायपाताच्या जातीच्या वनस्पतीपासून काढलेलें हें त्या प्रांताचें मद्य, आणि २०१९ पासून तें नांव कायद्यानें त्याच प्रदेशाकरितां राखून ठेवलेलें आहे. पेला अंगठ्याएवढा. आम्हांस तें पाहून बरें वाटलें असें लिहिलें तर तें खोटें होईल. आम्ही वाजविणाऱ्यांकडे पाहत राहिलों. दोन गाणीं झालीं. मग तो म्हणाला, "अण्णा, मागच्या खेपेला आपण आलो होतो ना, तेव्हा माझी नोकरी गेलेली होती. चार महिने नव्हती. तुम्हांला सांगायचं धैर्य झालं नाही."

म्हणजे त्या पांच रात्रीं तो खुर्चीवर बसला होता तो नुसता आमच्या मर्यादेखातर नव्हे. सौभाग्यवतींनीं त्याचा हात धरला. आम्हीं विचारलें, "आणि आतां?" तो म्हणाला, "आता आहे. पहिलीपेक्षा लहान आहे, पण आहे." सूनबाई डोळे टिपीत होत्या. कर्णेवाल्यांनीं पुढचें गाणें सुरू केलें, तेव्हां बोलणें अशक्य झालें. बारा वाजेपर्यंत आम्ही तेथें होतों. इतक्या उशीरां घराबाहेर असण्याचा प्रसंग आम्हांस हरितालिकेच्या जागरणाशिवाय आठवत नाहीं.

बिल देतांना शेंकडा दहा ते पंधरा बक्षिसी ठेवण्याची तेथें रीत आहे. ती ह्या खेपेस आम्हीं दिली. निघण्याच्या दिवशीं सौभाग्यवतींनीं राजगिऱ्याच्या वड्यांचीं सहा पाकिटें घेतलीं. त्यांतलीं दोन विमानांतच संपलीं.