वर्गाबाहेरचे कॉलेज कोण सांभाळणार?

मुलगी बारावी होऊन बी.एस्सी.ला गेली की अम्मी-अब्बांची चौकशी 'शिकवतात कसे?' इथे सुरू होते आणि 'निकाल काय लागला?' इथे संपते. पण वर्गात मूल दिवसाचे चार-पाच तासच असते. बाकीचा वेळ शिष्यवृत्तीचा फॉर्म, बसचा पास, वसतिगृहातली खोली, न कळणारी भाषा, कुणीतरी मारलेला टोमणा, एकटेपणा यांत जातो. उर्दू शाळेत शिकवताना मी पाहत आले आहे की दहावी-बारावीला चमकलेली जी मुले कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी घरी बसली, त्यांतली फारच थोडी अभ्यास झेपला नाही म्हणून बसली.

एका मुलीचेच सांगते. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने महाडीबीटीवर वेळेत भरला होता. उत्पन्नाच्या दाखल्याची पाने पुसट आली म्हणून तो दुरुस्तीसाठी परत आला. मेसेज गेला मामूंच्या मोबाइलवर, कारण फॉर्म भरताना ओटीपीसाठी त्यांचाच नंबर दिला होता, आणि मामू कामासाठी सुरतेला. मुदत संपल्यावर कॉलेजने पूर्ण फी मागितली. घरात तिच्यामागे तीन भावंडे. "पुढच्या वर्षी बघू," असे ठरले. ते पुढचे वर्ष काही आले नाही. या कहाणीत कुणी दुष्ट नाही. 'तुझा फॉर्म परत आलाय, उद्या दाखला घेऊन ये' एवढे वेळेवर सांगणे हे ज्याचे काम आहे, असा माणूस फक्त तिथे नव्हता.

असा माणूस असावा, ही कल्पना कायद्याला नवी नाही. आपल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आणि त्याचा संचालक असतो. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतो. 'कमवा आणि शिका' योजना आणि 'युवारंग' महोत्सवासारखी कामे याच बाजूने चालतात. फक्त हा अधिकारी बहुधा एखादा प्राध्यापक असतो, आणि भूगोल किंवा वाणिज्य शिकवून उरलेल्या वेळात हे काम करतो. कुणी जीव ओतून करतात, त्यांना सलामच. पण भूगोलासाठी त्यांनी एम.ए. केले, नेट-सेट दिली. रडत आलेल्या मुलीशी काय बोलायचे, रॅगिंगची तक्रार कशी नोंदवायची, वसतिगृह कसे चालवायचे, हे त्यांना कुणी शिकवलेले नसते.

आणि हे न शिकल्याची किंमत किती मोठी असू शकते, ते आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. डॉ. पायल तडवी जळगावची. यावल, रावेर, चोपडा भागातला तडवी भिल्ल समाज मुस्लिमही आहे आणि अनुसूचित जमातीतही. पायलने मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. केले. २०१८ मध्ये ती मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली. २२ मे २०१९ रोजी, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, तिने आयुष्य संपवले. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. तो विषय न्यायालयाचा आहे, त्यावर मी काही म्हणणार नाही. पण आपण आधीच तक्रार केली होती, असे तिच्या घरचे सांगत आले आहेत. मला तिथेच थांबावेसे वाटते. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत खेड्यातली आई मुलीची तक्रार घेऊन गेली, तर ती नेमकी कुणाकडे न्यायची? ऐकून घेणे, लिहून घेणे, मुलीला त्या दिवसापुरते तरी सुरक्षित ठेवणे, हे कुणाचे काम? विभागप्रमुखांचे? ते तर तिचे परीक्षकही असतात! पायलच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला, या दोघी मिळून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या असल्याच प्रश्नांची उत्तरे मागायला.

त्यानंतर काही गोष्टी हलल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावे असे सांगितले. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे. शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, वसतिगृह, सगळे यात आले. शंभर विद्यार्थी म्हणजे किती, तर आपल्या तालुक्याच्या गावातले लहानसे ज्युनिअर कॉलेजसुद्धा यातून सुटत नाही.

मग हे शिकलेले लोक येणार कुठून? अमेरिकेत या कामासाठी स्वतंत्र पदवी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या कॉलेजांत मुली येऊ लागल्या तेव्हा त्यांच्या राहण्या-वागण्याची, अडीनडीची जबाबदारी घेणाऱ्या 'डीन ऑफ विमेन' नेमल्या गेल्या. त्यांना शिकवण्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अभ्यासक्रम सुरू झाला. आज तिथल्या अनेक विद्यापीठांत 'स्टुडंट अफेअर्स' या विषयात दोन वर्षांचे एम.ए. करता येते. विद्यार्थी सकाळी तरुण वयाचे मानसशास्त्र आणि कायदा शिकतात, आणि त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा सल्ला केंद्रात कामही करतात. ही सुरुवात मुलींमुळे झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे या नावाची पदवी सहसा दिसत नाही, पण कामाची जाण मात्र जुनी आहे. अलीगढच्या कॉलेजात साहेबजादा आफताब अहमद खान यांनी १८९० च्या सुमारास 'अंजुमन-अल-फर्ज', म्हणजे ड्यूटी सोसायटी, काढली. गरीब विद्यार्थ्यांच्या फीसाठी मुले सुट्टीत गावोगाव वर्गणी गोळा करत. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आधाराने १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले.

आज खान्देशातल्या मुलाला किंवा मुलीला यात उतरायचे असेल तर सर्वांत जवळचा मार्ग समाजकार्याचा, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.चा. जळगावात लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालय आहे, धुळ्याजवळ मोराण्याला समाजकार्य महाविद्यालय आहे. दोन वर्षांच्या या अभ्यासात मला सर्वांत मोलाचे वाटते ते क्षेत्रकार्य. नुसते वर्गात बसायचे नाही. संस्थेत, वस्तीत, दवाखान्यात जाऊन माणसांशी बोलायचे, परत येऊन नोंद लिहायची आणि ती नोंद शिक्षकांकडून तपासून घ्यायची. समोरच्याचे ऐकताना मध्येच सल्ला न देणे, ही सवय पुस्तकाने लागत नाही. आम्हा शिक्षकांना तर अजिबात लागत नाही!

मुंबईला जाता येत असेल तर टाटा समाजविज्ञान संस्था आहे, १९३६ पासूनची. तिथे समाजकार्याबरोबर समुपदेशनाचेही शिक्षण मिळते. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. मानसशास्त्रात बी.ए. केले असेल तर समुपदेशन घेऊन एम.ए. करता येते. आणि माझ्यासारख्या बी.एड. झालेल्यांसाठी एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. आपल्याला जवळचे केंद्र भोपाळचे प्रादेशिक शिक्षण संस्थान. भुसावळहून खंडवा, इटारसी करत गाडी थेट जाते. त्या त्या वर्षीची जाहिरात, माध्यम आणि पात्रता मात्र नीट वाचून मगच ठरवावे.

एक सावधगिरी. दोन दिवसांत 'सर्टिफाइड कौन्सिलर' करून देणारे वर्ग आता मोबाइलवर रोज दिसतात. त्यांच्या कागदावर कुणाच्या मनाला हात घालू नये. आजाराच्या पातळीवरचा त्रास ओळखून त्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठवणे, एवढेच समुपदेशकाचे काम. उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. घरात कुणी फार खचले असेल तर शासनाची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे, तिथे बिनदिक्कत फोन करावा.

नोकरीचे काय? खरे सांगायचे तर कॉलेजांत कायम पदे अजून कमी आहेत, आणि असतील तिथे बहुधा कंत्राटी. न्यायालयाच्या आदेशाने मागणी वाढेल अशी आशा आहे, खात्री मी देणार नाही. पण वसतिगृहांकडे आपले लक्षच जात नाही. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा प्रकल्पांत आहेत, समाजकल्याणची वेगळी. तिथे गृहपालाची पदे जाहिरात काढून भरतात आणि मुलींच्या वसतिगृहासाठी स्त्री गृहपालच लागते. या पदांच्या तयारीला लागलेली मुलगी आमच्या मोहल्ल्यात मी अजून पाहिली नाही. सगळ्या डी.एड., बी.एड.च्या रांगेत.

धुळ्याच्या एका पॉवरलूम कामगाराने मुलीला एम.एस.डब्ल्यू.ला घालण्याआधी मला विचारले होते, "बाजी, समाजसेवा तो मुफ्त में करते, उस की डिग्री कायकू?" मी म्हणाले, नर्सही सेवाच करते, पण सुई टोचायला शिकूनच येते ना! मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. उर्दू घरची, मराठी शाळेची, अहिराणी शेजाऱ्यांकडून आलेली. क्षेत्रकार्यात तिच्या सरांना सगळ्यांत उपयोगी पडतात त्या तिच्या या तीन भाषा. उर्दू माध्यमातून आलेली मुलगी मराठी कॉलेजात वर्षभर मान खाली घालून बसते, तेव्हा तिला अभ्यास येत नाही की फक्त शब्द सापडत नाहीत, हे अशाच माणसाला लवकर कळते.

येत्या जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा फीचा तक्ता विचारण्याबरोबर एवढे विचारा: इथला विद्यार्थी विकास अधिकारी कोण, तो कोणत्या वेळी भेटतो? समुपदेशक आहे का, शिकलेला आहे का? अंतर्गत तक्रार समितीची आणि रॅगिंगविरोधी समितीची नावे कुठल्या फळ्यावर लावली आहेत? मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म परत आला तर सांगणार कोण? आणि त्या फॉर्मवर मोबाइल नंबर तिचा स्वतःचा टाका, मामूंचा नको.