घरात मोबाईल चार, आजीजवळ बसणारा कोण?

मोबाईलने पोरे बिघडली, ही तक्रार आज आपल्या प्रत्येक घरात ऐकू येते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात जा, मुलुंडच्या एखाद्या वस्तीत जा, नाहीतर अंधेरी-बोरिवलीच्या पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर जा. म्हातारी माणसे एकच गाऱ्हाणे सांगतात : "सगळी घरातच असतात, पण बोलत कुणी नाही." तक्रार खोटी नाही. परंतु सगळा दोष त्या वीतभर यंत्राच्या माथी मारून मोकळे व्हावे, हे आम्हांला पटत नाही. मोबाईल येण्याच्या कितीतरी आधीपासून आजी आणि नातवंडांची गाठ सैल होत आली आहे.

ती गाठ मुळात कशाची होती? माया तर होतीच, पण मायेइतकीच ती गरजेची होती. आपली पहिली पिढी मुंबईत आली ती गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि महापालिकेच्या सफाई खात्यात राबायला. गावाशी संबंध राहिला तो पत्राचा आणि मनिऑर्डरचा. पत्र आले की ते वाचायचे कोणी? घरातल्या मोठ्यांना बहुधा अक्षर ठाऊक नसे. मग चौथीतल्या पोरीला हाक जाई. चिमणीच्या नाहीतर चाळीस पॉवरच्या दिव्याच्या उजेडात ती आंतर्देशीय पत्र उघडी आणि सगळे घर तिच्या तोंडाकडे पाही. पत्रात वाईट बातमी असली की पोर मध्येच अडखळे, एखादी ओळ गिळून टाकी; आणि आजी म्हणे, "काय गाळलंस ते सांग." नंतर उत्तर लिहायला बसायचे. आजी सांगणार, नात लिहिणार. धाकट्या काकाचे लग्न का मोडले, सामाईक विहिरीवरून गावात काय झाले, कोणत्या मामाने अडीनडीला पैसे दिले होते, हे सगळे त्या पोरीला पत्र लिहितालिहिता कळून जाई. कोणी मुद्दाम शिकवीत नसे.

म्हणजे आजीला नातीच्या अक्षराची गरज होती आणि नातीला आजीच्या तोंडची. शाहीर वामनदादा कर्डकांची गोष्ट आपल्याकडे नेहमी सांगतात. मुंबईत तरुणपणी कोणीतरी त्यांच्यापुढे पत्र वाचायला धरले आणि ते वाचता येईना, याची त्यांना मोठी लाज वाटली. मग समता सैनिक दलातल्या देहलवी नावाच्या गृहस्थांनी त्यांना बाराखडी शिकवली आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत ते जोडाक्षरे शिकले. पुढे याच माणसाने महाराष्ट्राला हजारो गाणी दिली. एका पत्राच्या कागदात केवढे बळ होते पाहा.

आता दुसरी बाजू. आजीच्या तोंडचे म्हणजे काय, तर पुष्कळसे जात्यावरचे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायांनी बाबासाहेबांवर, रमाईवर किती ओव्या रचल्या याची गणती नाही. ती ओवी मांडीवर डोके ठेवून झोपलेल्या पोराच्या कानात अर्धवट झोपेतच शिरे. मग पिठाची गिरणी आली. बायांचे हात मोकळे झाले. ही चांगलीच गोष्ट झाली. जाते परत यावे असे म्हणणाऱ्याने स्वतः पायलीभर जोंधळा दळून दाखवावा, मगच बोलावे. पण जाते गेले तशी ओवीची जागाही गेली. गिरणीच्या रांगेत डबा घेऊन उभी असलेली बाई ओवी म्हणत नाही.

इथे एक नवल घडले. एका यंत्राने जे नेले ते दुसऱ्या यंत्राने राखले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवां या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या हजारो ध्वनिमुद्रित केल्या. १९९६ साली त्यांची माणसे बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात गेली, तेव्हा तिथल्या आपल्या मायबहिणींनी बाबासाहेबांवरच्या ओव्यांची रासच त्यांच्यापुढे ओतली. आज त्या ओव्या इंटरनेटवर घरबसल्या ऐकता येतात. विक्रोळीच्या किंवा भांडुपच्या पोराने मनात आणले तर लोकलमध्ये उभ्याउभ्या त्या बायांचा आवाज त्याच्या कानात येईल. पण त्याला हे सांगणार कोण? आणि त्याची स्वतःची आजी, जी त्याच बीडकडची, नाहीतर जालन्याकडची, साताऱ्याकडची असेल, तिला काय येते हे त्याने कधी विचारले आहे का?

कॅसेटचेही तसेच झाले. पूर्वी वस्तीत गायन पार्टी आली की म्हाताऱ्यापासून लेकरापर्यंत सगळे रात्र रात्र पटांगणात बसत. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतताना पुस्तकाबरोबर भीमगीतांची कॅसेट घेतल्याशिवाय कोणी घरी येत नसे. ज्या घरात कधी गवई आला नसता त्या घरात गाणे पोचले, हा केवढा लाभ. शिंदे घराण्याचेच पाहा. प्रल्हाद शिंदे मंचावरून आणि तबकडीवरून गाजले, आनंद-मिलिंद कॅसेटवरून घराघरांत गेले आणि नातू आदर्श शिंदे आज मोबाईलवर वाजतो. गळा तोच, वाहन बदलले. पण एक गोष्ट गुपचूप सुटली. गाणे यंत्रात आल्यावर ते आजोबांकडून शिकायची गरज उरली नाही. बटण दाबले की काम भागले.

टीव्हीविषयी फार लिहीत नाही. त्याने सगळ्यांना एका भिंतीकडे तोंड करून बसवले, एवढे खरे. तरीही २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली, तेव्हा कित्येक घरांत तीन-तीन पिढ्या एका सतरंजीवर बसल्या आणि मध्येच आजोबा म्हणाले, "असं नव्हतं, मी सांगतो." त्या 'मी सांगतो'साठी तरी मालिका झाली ते बरे झाले.

आणि २०१६नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा आला. आता पत्र नाही. गावचा भाऊ थेट तोंड दाखवून बोलतो. आजीला अक्षर येत नसले तरी आवाजाचा निरोप पाठवता येतो. नातीची गरज संपली. नातीला भीमगीत हवे तर आजीची गरज संपली. कोणाचे कोणावाचून अडत नाही, हे खरे दुखणे आहे. पोरे वाईट निघाली असे आम्ही म्हणणार नाही.

मग अजून काही अडते का? आमच्या मते एक गोष्ट अडते, आणि तिला फार वेळ उरलेला नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि त्याच ठिकाणी, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. हे पुस्तकात आहे. पण त्या गर्दीत आईच्या कडेवर किंवा बापाचा हात धरून जी लेकरे होती, ती आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्या रात्री घरात चूल पेटली होती का? घरातले देव बाहेर काढले तेव्हा आजी रडली की गप्प राहिली? देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर कोणी, कुठून आणली? हे कोणत्याही मोबाईलमध्ये शोधून सापडणार नाही. ते त्या म्हाताऱ्या डोक्यातच आहे.

जवळचे उदाहरण घ्या. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्या दुःखात मुलुंडच्या वस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी १५ जुलैला आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी ऐंशीच्या दशकातच त्यांचे गाणे कॅमेऱ्यात धरून ठेवले होते, आणि पुढे 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपटही केला; म्हणून घोगऱ्यांचा आवाज आजच्या पोरांना ऐकायला तरी मिळतो. पण त्या सकाळी रमाबाई नगरात ज्यांनी जखमींना हातगाडीवर, रिक्षात घातले, ज्या आयांनी पोरांना मोरीत लपवले, त्यांचे बोलणे कोणी धरून ठेवले? त्या वर्षी जन्मलेले मूल आज कमावते झाले आहे. दर ११ जुलैला ते फोटो पुढे पाठवते, खाली 'विनम्र अभिवादन' लिहिते. शेजारच्या खोलीत आई बसलेली असते, जिने ते डोळ्यांनी पाहिले.

आता वस्त्या पाडून इमारती उठत आहेत. सामाईक ओटा, नळावरची रांग, विहारापुढचे पटांगण ही बोलण्याची ठिकाणे जातील. पक्के घर मिळावे यासाठी माणसांनी आयुष्य घातले, त्याबद्दल कुरकुर नाही. पण बंद दारामागे म्हातारे माणूस अधिकच एकटे पडेल, हे आजच दिसते आहे.

म्हणून येत्या वर्षावासासाठी आमची एक सूचना आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होतेच. मुलगी वाचते, आजी ऐकते. जुन्या पत्राची रीत इथे अजून टिकून आहे. या तीन महिन्यांत दर रविवारी वंदनेनंतर प्रत्येक घरातल्या मुलाने आपल्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाचे अर्धा तास बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. खर्च एक पैशाचा नाही. सुरुवातीला नाव, गाव, वय आणि तारीख बोलून घ्यावी, नाहीतर वीस वर्षांनी कोणाचा आवाज हेच कळणार नाही. मोबाईल बदलला की सगळे पुसले जाते, तेव्हा त्याची एक प्रत विहारात, एक दुसऱ्या कोणाकडे ठेवावी. 'बाबासाहेबांविषयी सांगा' असा मोठा प्रश्न विचारू नये. त्यावर भाषणच ऐकायला मिळते. मुंबईत पहिल्या रात्री कुठे झोपलात, पहिला पगार किती, दीक्षेला जाताना अंगावर कोणते लुगडे होते, ते पांढरे लुगडे कोणाकडून मागून आणले, असे विचारावे. आणि मोबाईल आजीच्या तोंडासमोर धरू नये. तो बाजूला भांड्यांच्या फळीवर ठेवून द्यावा आणि आपण तिच्याजवळ लसूण सोलत बसावे.